जिना उद्या

“ताई, जरा इकडे या. ही चाल बघा,” गॉगल म्हणाला, आणि ताई हातातला चहाचा कप तसाच घेऊन त्याच्या टेबलाशी गेली.

गॉगल म्हणजे स्टुडिओतला सगळ्यात जाड भिंगांचा चष्मा. त्याचं खरं नाव पगाराच्या पावतीशिवाय कुठेच वापरात नव्हतं. ताईचंही तेच. ती इतकी वर्षं या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत होती, की मालकांपासून झाडलोट करणाऱ्या बाईंपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. तिचं काम मधलं. मोठे कलाकार पात्राची सुरुवातीची आणि शेवटची अवस्था ठरवून द्यायचे, आणि हात उचलला तर तो इथून तिथे कसकसा गेला, ते सगळं ताईनं भरायचं. चित्रपट संपल्यावर नावांची जी लांबलचक यादी भराभर वर सरकते, तिच्यात तिचं नाव यायचं. पण तोवर दिवे लागलेले असायचे आणि माणसं दाराकडे निघालेली असायची.

गॉगलच्या पडद्यावर एक राखाडी बाहुला जिना चढत होता. अंगावर कपडे नाहीत, चेहरा नाही, नुसता माणसाच्या आकाराचा गोळा. डावा पाय वरच्या पायरीवर जाई, मग उजवा पाय मागून येऊन त्याच्या शेजारी टेकायचा, आधी चवडा आणि मग आठवण झाल्यासारखी टाच. उजवा हात कठड्यावर. डावा हात मात्र अंगापासून थोडा लांब, जणू त्यात काही धरलंय. वळणावर पोचल्यावर बाहुला थांबला. मान वळवून त्यानं खाली पाहिलं. मग पुन्हा चढायला लागला.

ताईनं कप टेबलावर ठेवला.

गॉगल आपल्याच नादात सांगत होता. स्टुडिओच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, नवी मालिका घेतली होती, एका म्हाताऱ्याची. हा म्हातारा गावातल्या घड्याळाच्या मनोऱ्याची राखण करतो आणि प्रत्येक भागात निदान एकदा तरी वर चढून घड्याळाला किल्ली देतो. तेव्हा जिना हवाच. गॉगलनं नेटवरची मोकळी भांडारं धुंडाळली होती, जिथे लोक आपण केलेली झाडं, खुर्च्या, आवाज, चाली अशा गोष्टी सगळ्यांसाठी ठेवून देतात, आणि तिथे त्याला हे रत्न सापडलं होतं. जिना कुणा ‘जिनेवाला’ नावाच्या माणसानं केलेला. पण खाली लिहिलं होतं, की मूळ चाल दुसऱ्याच कुणाची आहे.

“हे नाव ऐकलंय का तुम्ही कधी?” त्यानं पडद्यावर बोट ठेवलं.

“माझंच आहे,” ताई म्हणाली.

गॉगलनं चष्मा काढून पुसला. तिला वाटलं आता हा हसेल. तो हसला नाही. मग ही चाल तुम्हाला कुठे मिळाली, असं त्यानं विचारलं, आणि ताई म्हणाली, “घरी.”

ताईचे वडील पाण्याचे मीटर वाचायचे. तरुणपणी नळासाठी खणलेल्या चरात पडून उजवा पाय मोडला, आणि जोडला गेला तो जरा आखूडच. त्या पायानं त्यांनी उभं आयुष्य गल्ल्या पालथ्या घातल्या. डाव्या हातात नोंदवह्यांची पिशवी असे. ती पिशवी पायाला आपटू नये म्हणून हात थोडा लांब धरायची सवय लागली, आणि पुढे सुटीच्या दिवशी, लग्नकार्यात, पिशवी नसतानाही तो हात तसाच राहायला लागला. आई म्हणायची, ह्यांच्याबरोबर चालायचं तर पिशवीला जागा सोडून चालावं लागतं.

ताई अ‍ॅनिमेशन शिकत होती तेव्हा तिथल्या शिक्षकांनी वर्गाला एक चाल करून आणायला सांगितली होती. सगळ्यांच्या चाली पुस्तकातल्यासारख्या गुळगुळीत आल्या. शिक्षक वैतागले. म्हणाले, तुमच्या घरात कुणी चालत नाही का? ताईनं रविवारी सकाळी बाबांना इमारतीच्या लांब सामाईक व्हरांड्यात उभं केलं, शेजारणीकडून कॅमेरा मागून आणला आणि त्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. दारादारांतून डोकी बाहेर आली. कुणी विचारलं, वरात कुणाची? बाबा म्हणाले, “लेकीची परीक्षा आहे, चालतोय मी.” आणि खरंच मन लावून चालले. इतकं मन लावून, की पहिल्या चार फेऱ्या वायाच गेल्या. माणूस कॅमेऱ्यासाठी चालतोय हे लगेच कळतं. पाचव्या फेरीपर्यंत ते कंटाळले, आणि मग त्यांची खरी चाल आली.

ताईला जिनाही हवा होता. बाबा जिन्याच्या तोंडाशी गेले, वर बघितलं, आणि म्हणाले, “जिना उद्या. आज पाय कुरकुर करतोय.”

दुसऱ्या दिवशी त्यांना काम होतं. पुढच्या रविवारी पाहुणे आले. त्याच्या पुढच्या रविवारी ताईलाच वेळ झाला नाही. मग एका दुपारी फोन आला, की एका बंगल्याच्या फाटकाशी, मीटरचं झाकण उघडता उघडता ते बसले आणि उठलेच नाहीत.

व्हरांड्यातली चाल ताईनं पुरी केली. त्या वेळी ती शिकत होती ती सगळी लोकांच्या जिवावर. कुणा अनोळखी माणसानं ठेवलेलं झाड, कुणी ठेवलेली खोली, कुणी ठेवलेला उजेड. घ्यावं आणि वापरावं. तेव्हा आपणही काहीतरी ठेवावं म्हणून तिनं बाबांची चाल तिथे ठेवली. ठेवताना अटी विचारल्या जातात. काही लोक कसलीच अट घालत नाहीत. ताईनं शेअर-अलाइकची अट घातली. म्हणजे घ्या, वापरा, मोडा, वाढवा, विका सुद्धा. फक्त मूळ कुणाचं ते नाव द्या, आणि तुम्ही त्यातून जे कराल तेही याच अटीवर सगळ्यांसाठी मोकळं ठेवा. तिच्या मैत्रिणीनं विचारलं होतं, इतकी भानगड कशाला? ताईला नीट सांगता आलं नव्हतं. पण कारण साधं होतं. नाव देणं भाग असल्यामुळे आपलं नाव शोधलं, की बाबा सध्या कुठे फिरताहेत ते कळायचं. आणि मोकळं ठेवणं भाग असल्यामुळे ते कुठेही गेले तरी त्यांना परत आणता यायचं.

ते पुष्कळ फिरले. पहिल्यांदा ते अस्वल झाले. मग एका लघुपटात बंड करून घराबाहेर पडलेलं कपाट झाले. एका खेळात तर ते चक्क राक्षसांची अख्खी फौज होते, सगळे राक्षस उजव्या पायानं लंगडत आणि डाव्या हातात नसलेली पिशवी सांभाळत राजवाड्यावर चालून जात होते. ताई ते सगळं आईला दाखवायची. आई मान तिरकी करून बघायची आणि मत द्यायची. अस्वल तिला पटलं. कपाट फार घाईत आहे म्हणाली. एकदा तिनं खालची अक्षरं वाचायला लावली आणि विचारलं, “चालले हे, आणि नाव तुझं?”

“चाल मी केली ना आई.”

“बरं,” आई म्हणाली. पण ते ‘बरं’ ताईला बरेच दिवस टोचत राहिलं.

पुढे पुढे ताईनं शोधणं कमी केलं. काम वाढलं, आईचे गुडघे दुखायला लागले, दिवस गेले. त्यामुळे जिन्याची चाल कधी आली ते तिला कळलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं लॅपटॉप आईपुढे ठेवला. आईनं चष्मा चढवला. राखाडी बाहुला चढू लागला. बाहुला वळणावर थांबला, त्यानं मागे वळून खाली पाहिलं, आणि आईनं पदार्थ चाखून बघताना करतात तसं तोंड केलं.

“हे नाही ह्यांचं,” ती म्हणाली.

“चाल नाही?”

“चाल ह्यांचीच. थांबणं ह्यांचं नाही.” मग तिनं सांगितलं, की शेवटी शेवटी तर हे जिन्यात कधी थांबलेच नाहीत. बाजारातून दोघं बरोबर यायची, आणि जिन्यापाशी आलं, की हे पुढे. आखूड पाय, पण अंगात आल्यासारखे चढायचे. मी मागून हाका मारतेय, अहो, जरा दमानं. कसलं दमानं. मी वर पोचावं, तर हे दारात खाली बसून वहाणेचा पट्टा सोडत असायचे, मान खाली. वर बघायचेसुद्धा नाहीत. “मला वाटायचं, इतकी कसली घाई? बायको मागे राहिली, तिच्यासाठी दोन पायऱ्या थांबायला काय होतं?”

ताईनं लॅपटॉप तिच्याकडे आणखी वळवला.

“परत लाव,” आई म्हणाली. बाहुला पुन्हा चढला, पुन्हा वळणावर थांबला, पुन्हा मागे बघितलं. आई जरा वेळ त्या चेहरा नसलेल्या डोक्याकडे बघत राहिली. “आत्ता सुचलं म्हणायचं,” ती म्हणाली, आणि चष्मा काढून उठली.

त्यानंतर रोज संध्याकाळी, भाजी निवडायला बसायच्या आधी, ती म्हणायची, “दाखव गं जिना.”

इकडे स्टुडिओत सरांना जिना भलताच आवडला होता. ती चाल ताईच्या वडिलांची आहे असं गॉगलनं सांगितल्यावर तर त्यांनी तिला केबिनमध्ये बसवलं आणि स्वतः उठून दार लावलं. सर माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले, ताई, ही मालिका म्हणजे वर्षानुवर्षं चालणारं काम आहे, आणि तिचा जीव त्या म्हाताऱ्याच्या चालण्यात आहे. पण वाहिनीवाल्यांची अट आहे, की मालिकेतलं सगळं त्यांच्या एकट्याच्या मालकीचं हवं. ही तुमची मोकळेपणाची अट त्यांना चालणार नाही. ही चाल अशीच घेतली, तर तिच्यावर जे उभं राहील तेही सगळ्यांना मोकळं करावं लागेल, आणि वाहिनीवाले काही ते करणार नाहीत. तेव्हा वाट एकच. बाहेर जे आहे ते राहू दे बाहेर, ते काही परत घेता येत नाही. आम्हाला फक्त वेगळी, बंद परवानगी लिहून द्या. तुम्ही द्या, आणि त्या जिनेवाल्याकडून तुम्हीच मागून घ्या, तुम्हाला तो नाही म्हणणार नाही.

“आणि अ‍ॅनिमेशन दिग्दर्शन तुमचं,” सर म्हणाले. “सुरुवातीला नाव. एकट्याचं, पूर्ण पडदाभर.”

ताई आपल्या जागेवर येऊन बसली. खोटं कशाला, तिला हे हवं होतं. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या दोन चित्रांमधली जागा भरली होती. आता म्हाताऱ्याचं उठणं, बसणं, शिंकणं, खिडकीतून पावसाकडे बघणं, सगळं ती ठरवणार होती. बाबांना व्हरांड्याच्या बाहेर ती कधीच नेऊ शकली नव्हती. आता नेता येणार होतं. फक्त ते जे नवे बाबा इथे तयार होतील, ते कुलुपात राहतील. बघता येतील, पण कुणाला घेता येणार नाहीत. कुणी त्यांचं अस्वल करणार नाही, कुणी त्यांना जिना देणार नाही.

तिनं जिनेवाल्याला निरोप पाठवला, आणि त्यानं फोनच केला. आवाज भारदस्त, मध्यमवयीन माणसाचा. तो एका इस्पितळात शस्त्रक्रिया झालेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवत असे. अ‍ॅनिमेशन हा त्याचा शनिवार-रविवारचा नाद. रुग्णांना जिना कसा चढायचा ते दाखवायला त्याला एक फिल्म करायची होती, आणि भांडारात धडधाकट माणसांच्या चालींचा सुकाळ होता, पण आखूड पायाचं कुणी नव्हतं. “तुमचा माणूस सापडला आणि माझं काम झालं,” तो म्हणाला. “वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना दुखरा पाय आधी, हे आम्ही तोंडानं सांगून सांगून थकतो. त्याला चढताना बघितलं, की लोकांना एका झटक्यात कळतं.” आता ती फिल्म इतर इस्पितळांतही चालत होती, एका बाईंनी त्याच चालीवरून कुबडीची चाल केली होती आणि अटीप्रमाणे तीही मोकळी ठेवली होती.

मग तो म्हणाला, “एक विचारू? त्या डाव्या हाताचं काय आहे? कितीजणांनी तो सरळ करून टाकलाय. मी पण करणार होतो. पण मला सारखं वाटायचं, ह्यानं काहीतरी धरलंय. म्हणून हात लावला नाही.”

“पिशवी,” ताई म्हणाली. “पाण्याचे मीटर वाचायचे ते. माझे वडील.”

मग तो नुसतं “अच्छा” म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला होता.

ताईनंही विचारलं. वळणावर थांबून मागे बघणं कुठून आणलं?

“ते होय,” तो म्हणाला. “ते आमच्या सगळ्या पेशंटांचं असतं. दम लागलेला असतो ना. पण दम लागलाय असं कसं दाखवायचं, बरोबर घरचं माणूस असतं. मग मागे वळून बघतात. कुणी येतंय का, असं. तेवढ्यात श्वास घेऊन होतो. काहीजण खिसे चाचपतात. एक गृहस्थ होते, ते दर मजल्यावर बुटाची नाडी बांधायचे. कितीही वेळ बांधायचे.”

ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. तो पुढे परवानगीबद्दल बोलत होता आणि ती हूं हूं करत होती. तो म्हणाला, की मला माफ करा, बंद परवानगीवर मी सही करणार नाही. मी ज्या अटीवर घेतलं त्याच अटीवर दिलं, आणि माझ्या पुढच्यांनी माझ्या भरवशावर घेतलंय. पण व्हरांड्यातली चाल तुमची आहे. तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मला त्यात वाईट वाटणार नाही. आणि वडिलांना माझा नमस्कार सांगा.

वडील नाहीत, हे ताईनं त्याला सांगितलं नाही.

घरी जाताना ती जिन्याखाली उभी राहिली. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. वहाणेचा एक पट्टा सोडायला किती वेळ लागतो? बाबांच्या वहाणांना एकच बक्कल होतं. शेवटचं वर्षभर ते जिना पळत चढत होते आणि दारात मान खाली घालून बसत होते, आणि घरातल्या दोघी बायका त्याला घाई म्हणत होत्या.

वर आई वाटच बघत होती. “दाखव गं,” ती म्हणाली. ताईनं लॅपटॉप उघडला. सांगावं असं तिच्या मनात होतं. शब्दसुद्धा जुळवले होते. पण बाहुला वळणावर थांबला, खाली बघितलं, आणि आई हलक्या आवाजात, ताईला नव्हे, पडद्यालाच म्हणाली, “येतेय, येतेय.”

ताई स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली.

सरांनी दुसरी वाट काढली. व्हरांड्यातली चाल तुमची आहे ना, मग ती द्या, आणि जिना तुम्ही नव्यानं काढा. त्या माणसाच्या कामाला हातही लावू नका. वडील तुमचे, तुम्हाला त्याची काय गरज?

हे बरोबर होतं. ताईनं कागद घेतला. असल्या कामाला ती अजून पेन्सिलच वापरायची. तिनं डोळे मिटले आणि बाबांना जिन्याशी आणलं. डावा पाय वर. उजवा मागून. कठड्यावर हात. चार पायऱ्या, पाच पायऱ्या, आणि वळणावर पोचल्याबरोबर ते थांबले आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. तिनं कागद फाडला. पुन्हा सुरुवात केली. बाबा न थांबता वर जायला हवे होते, आईनं सांगितलं होतं तसे, अंगात आल्यासारखे. ती आईचे शब्द काढू शकत होती, बाबा काढू शकत नव्हती. लहानपणापासून तिनं त्यांना हजारदा जिना चढताना पाहिलं असणार. पण माणूस जिना चढतो तेव्हा कोण मुद्दाम बघत बसतं? जे आठवायचं ते सगळं जिनेवाल्याचं होतं. त्यानं दिलेल्या जिन्याखाली खरा जिना दबून गेला होता, आणि तो कधी गेला ते तिला कळलंही नव्हतं. आठवडाभर ती काढत राहिली. टोपलीत फाटलेल्या कागदांचा ढीग झाला, आणि त्यातल्या प्रत्येक कागदावर बाबा थांबलेले होते.

शेवटी ती केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, “सर, नाही जमत.”

“काय नाही जमत? जिना?”

“माझं कुठलं आणि त्याचं कुठलं, ते मला वेगळं करता येत नाही. मी सही केली तर खोटी होईल.”

सरांनी तिला विचार करायला आणखी दोन दिवस दिले. दोन दिवसांनी ती तेच म्हणाली. सर चिडले नाहीत, दमल्यासारखे दिसले. मालिका गॉगलकडे गेली. त्यानं मनोऱ्याच्या म्हाताऱ्याला एक काठी दिली. काठी असली की निम्मं चालणं काठीच चालते. काम चोख झालं. नाव पूर्ण पडदाभर आलं, गॉगलचं, त्याचं खरं नाव, आणि स्टुडिओतल्या सगळ्यांना ते वाचून हा कोण असं वाटलं. मधल्या हालचाली ताईनं भरल्या. आईनं मालिकेचा पहिला भाग बघितला आणि म्हणाली, मुलगा हुशार आहे, पण ह्या म्हाताऱ्याचं दुखत कुठेच नाही.

नंतर काही दिवसांनी, एका रविवारी सकाळी, ताईनं आईला सांगितलं, की मला तुझी चाल हवी आहे. जिना चढतानाची.

आईला आधी ती थट्टाच वाटली. माझी कसली चाल, म्हणाली. माझे गुडघे वाजतात, तुझ्या यंत्रात आवाज यायचा. मग म्हणाली, केस तरी विंचरू दे. मग, हे लोक माझं पण अस्वल करतील का? ताई म्हणाली, करतील, काय हवं ते करतील.

“आणि मला ठेवणार कुठे?”

“बाबांच्या मागे. त्याच जिन्यावर, एक मजला खाली.”

आई आतल्या खोलीत गेली. बराच वेळ कपाट उघडल्याचे, मिटल्याचे आवाज येत राहिले. बाहेर आली तेव्हा तिनं केस नीट बांधले होते आणि पायात बाहेर जायच्या वहाणा घातल्या होत्या. “ठेवताना नाव नीट लिही,” ती म्हणाली. “चालणार कोण, काढणार कोण, दोन्ही लिही. ह्यांचं पण लिही. राहिलंय ते.”

ताईनं आदल्या दिवशीच ते लिहून टाकलं होतं. जुन्या चालीखाली, आपल्या नावाच्या वर एक ओळ वाढवून. पण आता ती फक्त हो म्हणाली.

दोघी खाली उतरल्या. ताईनं कॅमेरा तळमजल्यावर तीन पायांच्या स्टँडवर लावला, पहिल्या वळणापर्यंतचा जिना त्यात मावेल असा. सकाळचा उजेड जाळीतून तिरपा येऊन पायऱ्यांवर पडला होता. तळमजल्यावरचे काका दार किलकिलं करून बघू लागले. आईनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यांनी ते लावून घेतलं.

“कशी चालू?”

“रोजच्यासारखी. कॅमेरा आहे हे विसर.”

“विसरते,” आई म्हणाली, आणि खरंच विसरली. बाबांच्या चार फेऱ्या वाया गेल्या होत्या. आईची एकही गेली नाही. तिनं एका हातानं साडीचा घोळ उचलला, दुसरा हात कठड्यावर ठेवला आणि वर न बघता, पायऱ्यांकडे बघत चढायला लागली. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय. मधेच तिला कठड्यावर धूळ दिसली, तिनं बोटानं पुसली, बोट बघितलं, नाराजीनं मान हलवली आणि पुढे गेली. खांद्यापासून पाठ थोडी वाकत होती, पण मान ताठ होती. वळणावर पोचल्यावर ती भिंतीला हात लावून वळली आणि कॅमेऱ्यातून बाहेर गेली. तिची पावलं ऐकू येत राहिली, मग तीही थांबली.

ताईनं लहानशा पडद्यावर मागे नेऊन बघितलं. सगळं आलं होतं. गुडघा कुठे अडतो, वजन कधी कठड्यावर जातं, धूळ पुसणारं बोटसुद्धा. याहून नीट येणं शक्य नव्हतं.

वरून आवाज आला, “झालं का गं? का अजून काही राहिलंय?”

“नाही आलं नीट,” ताईनं पडद्यावरून नजर उचलून, जिन्याकडे बघत खालून सांगितलं. “एकदा अजून ये.”

वर जरा कुरकुर झाली. मग वहाणा फरशीवर घासल्याचा आवाज आला, कठडा किंचित हलला, आणि आई, दुखरा पाय आधी टाकत, एक एक पायरी उतरून खाली यायला लागली.